बावीस पेले आणि एक बटण

तीर्थरूप ताई,

गुडघे वाकत नसल्यामुळे उभ्यानेच नमस्कार करतो. तो पूर्ण मापाचा समजावा. तुझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया नीट पार पडल्याचे कळले. थेंब दिवसातून चार वेळा घालायचे म्हणजे चारच वेळा, आठवण येईल तेव्हा नव्हे. भावजींचा खोकला अजून तुझ्या आवाजावर मात करतो की कसे, तेही कळव.

तुझ्या कन्येने तिच्या बालवाडीत मला पाचारण केल्याचे तुला ठाऊक आहेच. चार वर्षांची बावीस मुले, दोन आठवडे. प्रत्येकाने एक बी रुजवायचे आणि शेवटच्या शनिवारी ते आईवडिलांना दाखवायचे. चौतीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला हा निव्वळ हातचा मळ (मी असे म्हणालो होतो, हे तिने तुला सांगितलेच असेल). पहिल्या दिवशी अंकुरणाची व्याख्या सांगण्यास प्रारंभ केला. तिसऱ्या वाक्याला एकाने विचारले, "आजोबा, तुमचे दात काढता येतात का?" (मला 'सर' म्हणावे, असे मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते. त्यांना वाचता येत नाही, ही माहिती मला कोणीही पुरवली नव्हती.)

घेवड्याचे बी मी माझ्या संग्रहातून नेले होते: काचेची बाटली, बुचावर मेण, माझ्या हस्ताक्षरातील चिठ्ठी. बाजारातल्या बियाण्यावर माझा विश्वास नाही, हे तू जाणतेसच. कागदी पेले, चाळलेली माती, बोटाच्या पेराएवढा खड्डा, दोन चमचे पाणी. नियम एकच: उकरायचे नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तो बावीसही पेले उकरलेले! एकाने बीला भूक लागली असेल म्हणून दूध पाजले होते. दुसरा आपल्या पेल्यावर चक्क बसला होता, कोंबडी बसते म्हणूनच पिल्लू निघते, असा त्याचा युक्तिवाद (त्यात खोट नव्हती, ती पेल्याला आली). एका मुलीने तर बीशेजारी आपल्या फ्रॉकचे निळे बटण पेरले, कारण त्याची जोडी हरवली होती. त्या दिवसापासून तिचे नावच बटण पडले.

आठवा दिवस उजाडला तरी मातीवर काही दिसेना. मी तुझ्या कन्येला तीन पानी अहवाल सादर केला. अपयशाचे कारण: मुलांची बेशिस्त. तो वाचून ती इतकेच म्हणाली, "मामा, शनिवारी मुलं आईबाबांना काय दाखवणार?"

मंगळवारी दुपारी मुले झोपली असता मी चमचा घेऊन एका पेल्याशी ओणवा झालो (गुडघ्यांविषयी वर लिहिलेच आहे). मागून कुजबुज आली, "आजोबा, उकरायचं नाही ना?" बटण! मी चमचा पाठीमागे लपवला. "मी कुण्णाला सांगणार नाही. मला पण दाखवा." दोघांनी पाहिले. बी मऊ, करडे, मेलेले. आणखी तीन पेले पाहिले, तीच गत. तेव्हा कुठे खिशात ठेवलेली बाटलीवरची चिठ्ठी काढून, चष्मा लावून, साल वाचले. बी बारा वर्षांचे होते. पेरण्यापूर्वी बियाणे तपासले नाही म्हणून मी आजवर कितीतरी विद्यार्थ्यांना नापास केले आहे. परंतु अक्षर माझेच असल्यामुळे मला शंका घेण्याचे कारण दिसले नाही.

बालवाडीच्या मदतनीस मावशींना सारे कळले. "सर, घरी भिजवलेला घेवडा आहे माझ्याकडे. उद्या मुलं यायच्या आत गुपचूप बदलून टाकू, पत्तासुद्धा लागणार नाही कुणाला." ताई, मला मोह झाला, पूर्ण एक मिनिट झाला. पण बटण माझे बोट धरून उभी होती. दुसऱ्या दिवशी मुलांना गोल बसवून सांगितले की तुमचे काही चुकले नाही, बी मेलेले होते, चूक माझी. तुझ्या कन्येच्या हातून रंगांचा डबा पडला. मुलांनी मात्र क्षणभर विचार केला आणि कोंबडीवाला म्हणाला, "मग दुसरं लावू." संपले! आमच्या विभागात एवढ्यासाठी चौकशी समिती बसली असती.

मावशींचा घेवडा सर्वांसमक्ष लावला. शनिवारी पालक आले, तरी बावीसही पेल्यांवर नुसती माती. मी खिडकीपाशी दिलगिरीचे दोन परिच्छेद मनाशी घोकत होतो. तोच मुलांनी आपापल्या आईबापांना ओढत नेले, जमिनीवर बसवले आणि सरळ उकरले. मूळ आधी खाली जाते, कोंब नंतर वर येतो, हे पहिल्या दिवशी मीच सांगितले होते. ते पाहायचे तर उकरावे लागते, हे मला सुचले नव्हते. बावीस पांढऱ्या शेपट्या! "बघ, याला पाय फुटलाय!" आणि पुन्हा माती सारून थोपटणे. (दोन मोडल्या. नोंद केली आहे.) बटणने आईला बी दाखवले, मग बटण काढून निरखले, "याला अजून वेळ आहे," म्हणाली आणि परत पुरले.

डोळ्यांना जप. भावजींस नमस्कार (तोही उभ्यानेच).

तुझा धाकटा भाऊ

ता. क. पुढील सत्रात सोमवार व गुरुवार मी मोकळा असतो. हे तुझ्या कन्येला तुला आपणहून सुचल्यासारखे सांग. मी विचारले, असे सांगू नये.

पुन्हा ता. क. बटणे उगवत नाहीत, हे मी त्या मुलीला शास्त्रीय भाषेत समजावले. "तुम्ही किती दिवस थांबला होतात?" असे तिने विचारले. माझ्याकडे नोंद नव्हती. म्हणून घरी एक पेरले आहे, दिनांकासह. तुझ्या शिवणाच्या डब्यात चार भोकांचे निळे बटण असल्यास धाडावे. तिची जोडी तरी पुरी होईल. माझे मी अद्याप उकरलेले नाही. (दोनदाच.)