आप्पांची म्हैस आणि शेजारचा जवान

आई, एक गंभीर तक्रार तुझ्या कानावर घालायची आहे. शिक्रापूरच्या हॉटेलात हल्ली भाकरी चार तुकडे करून, कागदी रुमालात गुंडाळून देतात. मी मालकाला म्हणालो, "भाकरीचा तुकडा दूरवरून घरी आलेल्या माणसावरून ओवाळून टाकतात. मी नुसता जेवायला आलोय." त्यानं मला वेडा समजून कांदा जास्त दिला.

तेव्हापासून घरी लिहायला बसलो, की चावडीच समोर येते. पासष्टची लढाई संपलेली, कैद्यांची अदलाबदल झालेली आणि शेजारच्या मामींचा मुलगा सुटून यायचा आहे. तो लढाईची आघाडी सोडून आपणहून पलीकडे गेला, अशी आवई शिरूरच्या बाजारातून आलेली. पलटणीनं चौकशी करून त्याला घरी सोडलं होतं. गावाची चौकशी बाकी होती. "असल्या पळपुट्याच्या बदल्यात आपण त्यांचं धडधाकट गडी सोडलं!" सरपंच आप्पा गरजतात. "वेशीतनंच माघारी धाडायचा." मामी खांबाआड, तोंडात पदर. आणि तू शेणानं भरलेल्या हातांनी पुढं होतेस.

"आप्पा, तुमची म्हैस पल्याडच्या गावात गेली, तिला कुणी धरून न्हेली व्हती व्हय?"

"म्हशीचा काय संबंध, वहिनी?"

"सोताच्या पायानं गेली. त्यांनी कोंडवाड्यात घातली. आपण त्यांच्या तीन शेळ्या कोंडल्या व्हत्या, त्या देऊन सोडवून आणली. एका म्हशीला तीन शेळ्या! तवा न्हाई चावडी भरली."

"अवं, मुकं जनावर ते!"

"व्हय. आन् तिला ओवाळून भाकरतुकडा टाकला तुमच्या घरानं. इच्यारलं का तिला, का गं गेलीस?"

मागून कुणीतरी ओरडलं, "आप्पा, म्हशीचा जबाब घ्या!" चावडी हसत सुटली आणि आप्पा बराच वेळ आपली चप्पल शोधत राहिले.

दुसऱ्या दिवशी दौंडहून येणाऱ्या बैलगाडीतून तो उतरला. पत्र्याची ट्रंक, अंगात ढगळ कोट, आत माणूस जेमतेम. सगळं गाव काही ना काही निमित्त काढून वेशीत उभं. मामी भाकरीचं टोपलं धरूनच उभ्या राहिल्या, म्हणून तूच पुढं झालीस. आपल्या घरातल्या भाकरी मी सकाळीच संपवलेल्या; तू मामींच्याच टोपल्यातली एक उचललीस, "उद्या देते" म्हणालीस आणि तुकडा मोडून त्याच्यावरून ओवाळून टाकलास.

"काकी, लोकं काय म्हणत्यात?" त्यानं खाली बघत विचारलं.

"लोकं म्हशीचं बोलत्यात. पाय धू."

तुझा तो 'उद्या' काही आला नाही. ती भाकरी उसनीच राहिली. मामींचा मुलगा खरंच पळाला होता का, हे तू मरेपर्यंत विचारलं नाहीस. मी मात्र बातमीदार, लोकांना नको ते प्रश्न विचारूनच पोट भरतो, आणि हा प्रश्न मला इतकी वर्षं छळतोय.

म्हणून आज त्याच्याकडे गेलो. मामी गेल्या, घरात तो एकटाच. मी स्वतः थापलेली भाकरी त्याच्या ताटात ठेवली. "आईनं उसनी घेतली होती." त्यानं ती उलटून पाहिली. "करपलीय," म्हणाला, आणि अर्धी मोडून माझ्यापुढं सरकवली.

हे पत्र टाकायला तुझा पत्ता नाही, म्हणून एक कबूल करून टाकतो. मी भाकरी द्यायला गेलो नव्हतो, आई, विचारायला गेलो होतो. विचारलं एवढंच, "चटणी हाय का?"