डाव्या पायातली चप्पल

येरवडा, पुणे
ता. ९ नोव्हेंबर १९६४

चि. कुसुम हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. दसऱ्याच्या सुमारास दूध आणायला गेलो असता गटाराच्या कडेवर डावा घोटा मुरगळला. हळदीचा लेप लावला, सूज उतरली. पण तेव्हापासून पावलाचा वरचा भाग बधिर आहे. काल बाजारातून एकाच चपलेने घरी आलो. दुसरी वाटेत कधी गळाली, कळलेच नाही. आपला श्याम म्हणाला, बाबा, पुढच्या खेपेस पाय तरी घेऊन या. मला हसू आले नाही. रोज सुई टोचून बघतो. धोतरावरून टोचल्यासारखी लागते.

तुझी आठवण चांगली. अण्णाकाकांचे आधी पाऊलच बधिर झाले होते ना? मग त्यांना गोठ्यात ठेवले आणि भाकरी लांबून सरकवायचे. रोगाचे नाव मी लिहीत नाही. पत्र वाचून चुलीत घाल. श्याम-हेमाला कळवू नकोस. घरात लहान पोर आहे.

भावावरची माया आहे तशी राहू दे.
तुझा दादा


सातारा
ता. १४ नोव्हेंबर १९६४

ती. दादास कुसुमचा शि. सा. न. वि. वि.

पत्र चुलीत घातले नाही. आमच्याकडे आता स्टोव्ह आहे.

तुमच्या पत्राच्या आदल्या दिवशी हेमाचे कार्ड आले. विचारते, मामंजींना माझे काय खटकले? ताट वेगळे ठेवतात, स्वतः घासतात. पद्मजा पायावर झोका मागते, तर आजोबा तिच्यावर ओरडतात. तुमचे पत्र वाचले तेव्हा मला उलगडा झाला. सुनेला रडवलेत, दादा.

अण्णाकाकांचा पाय मुरगळला नव्हता. त्यांच्या पाठीवर आधी चट्टा होता, पाऊल फार नंतर गेले, आई सांगायची. आणि तसे असलेच, तर आता त्यावर गोळ्या मिळतात, गोठा लागत नाही. मीही घाबरले आहे, खोटे कशाला लिहू? हेमाला सांगा आणि तिला घेऊन डॉक्टरकडे जा. नाही गेलात तर रविवारी येते आणि तुमच्याच ताटात जेवते.

माया कुठे जात नाही. तुम्ही डॉक्टरकडे जा.
आपली कुसुम


येरवडा, पुणे
ता. २१ नोव्हेंबर १९६४

चि. कुसुम हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या धमकीमुळे हेमाला सांगितले. तिने माझे ताट उचलून घरातल्या ताटांत मिसळून टाकले. आता कोणते माझे, मलाही ओळखू येत नाही.

डॉक्टरांनी कोपर, कान, पाठ सगळे चाचपून पाहिले. म्हणाले, तो रोग नाही. घोटा मुरगळताना पावलाकडे जाणारी नस ताणली गेली आहे. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला त्यांनी बोटाने ठोकले, तर मुंग्या पार पावलापर्यंत गेल्या. नस सावकाश भरते, पण पूर्ण भरेलच असे नाही. गरम विटेने पाय शेकत होतो, तो शेक बंद. भाजले तरी मला कळणार नाही. चपलेला मागून पट्टा लावून घेतला आहे.

गोठा टळला, कुसुम. भीती काही टळली नाही.

आज पद्मजाला पायांवर बसवून झोका दिला. उजव्या पावलावर तिचा भार कळतो, डाव्यावर काहीच नाही. म्हणून ती आहे ना, हे मी दर झोक्याला हाताने चाचपून बघत होतो. तिला वाटले, आजोबा गुदगुल्या करतात. ती हसत सुटली. मी तसेच वाटू दिले.

रविवारी ये. ताट कोणतेही घे.
तुझा दादा