लॉकरमधला बिल्ला

धर्मेंद्र, जयभीम.

तू मले येडी समजतं का? बंद पडलेल्या अणुभट्टीच्या भिंतीले भोकं पाडतं, त्यातून हिऱ्याचे मणी लावलेली तार ओवून भिंत कापतं, अन् किरणं मोजायचा बिल्ला लॉकरमधी ठेवून आत जातं! वरून फोनवर हसतं, "बाई, बिल्ल्यात किरणांची हद्द भरली का साहेब कामावरून घरी धाडते."

धाडू दे ना! भातकुलीत बोअर मारायचा तवा उपाशी होतो का आपन? बिल्ला कोरा राह्यला म्हनून आंग कोरं राह्यते का?

हे पत्र साहेबाच्या हाती पडलं तर तुही नोकरी जाते, म्हनून पोस्टात न टाकता तुह्याकडं येनाऱ्या गाववाल्याच्या हाती धाडलं. रविवारी तुहा फोन येते, तवा बिल्ला छातीवर लावला म्हनून सांग. नाही तर याची नक्कल माह्यापाशी हाये, सोमवारी ते साहेबाले धाडीन. मंग जलमभर माह्याशी बोलू नोको, पन जित्ता राह्य.

तुही मोठी बहीन,
संध्या