बुचावरचा अंगठा

७ सप्टेंबर, शनिवार

पाणी! सगळं पाणी निघालं!

वुकाशिनचे आईवडील आमच्या यागोदाला मागणी घालायला आले होते. टेबलावर डुकराचं भाजलेलं मांस, चीज, मी पहाटे उठून केलेली पातळ पापुद्र्यांची गोड गुंडाळी. सगळं कसं छान चाललं होतं. आणि सासूबाईंना हुक्की आली – "बुधला आजच उकरा. व्याह्यांना पहिला पेला आजच देऊ."

यागोदा जन्मली त्या आठवड्यात सासऱ्यांनी अक्रोडाखाली राकियाचा पाच लिटरचा बुधला पुरला होता. आलुबुखारची दारू, स्वतः गाळलेली. पोरगी झाली की पुरायचा, तिचं लग्न ठरलं की बापाने उकरायचा. घरोघरी असतो. एकवीस वर्षं तो तिथे आहे या भरवशावर मी त्या झाडाखाली धुणं वाळत घातलं.

माझा नवरा वितोमिर आठवडाभर टाळत होता. "घाई कशाला, लग्नाच्या दिवशी उकरीन की. मी एकटाच उकरीन." मला वाटलं, बिचारा घाबरतोय. चौदा महिने थेंब नाही घेतला, नाकाला वास लागेल म्हणून घाबरतोय. मी सासूबाईंना डोळ्याने खुणावलंसुद्धा. यागोदाही म्हणाली, "आज नको ना, आजी." पण सासूबाईंनी फावडं आणून त्याच्या हातात दिलं. उकरला. बूच काढलं. व्याह्यांच्या पेल्यात ओतलं. त्यांनी घोट घेतला, आणि पेला हळूच खाली ठेवला. भला माणूस! म्हणाले, "फार मऊ आहे."

मग सासूबाईंनी चाखलं आणि घर डोक्यावर घेतलं.

मी बूच उचललं. वर पिवळं मेण, देवळातल्या मेणबत्तीचं, त्यावर अंगठा दाबलेला. सासरेही अंगठा दाबायचे. पण या ठशावर मधोमध आडवी चीर होती. वितोमिरचा अंगठा करवतीखाली आला तेव्हा यागोदा दुसरीत होती. सासरे त्याआधीच गेलेले.

मी बूच त्याच्यासमोर धरलं. "हा कुणाचा?"

"माझा."

"तू उघडलास?"

"हो. मी उघडला, ल्युबा." टोपी उचलली आणि गोठ्याकडे चालता झाला. यागोदा पांढरीफटक. व्याह्यांसमोर नाक कापलं गेलं आमचं.

८ सप्टेंबर

दारूचं नाही मला एवढं. कोण काय पीत नाही इथे! पण ते तेवीस कागद?

शहरातल्या इस्पितळात दारू सोडणाऱ्यांना सगळं लिहायला लावतात – केव्हा, किती, कुणाला फसवून. आणि मग बायकोसमोर मोठ्याने वाचायचं. त्याने वाचलं. माझी कर्णफुलं विकली ते. कामावरून काढलं तरी दोन महिने डबा घेऊन निघत होता ते. बर्फात यागोदाला गुत्त्याबाहेर घसरगाडीवर बसवून विसरला ते – पाच वर्षांची होती, तिचे ओठ निळे पडले होते. मी तिथेच खुर्चीवर बसून सगळं ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अजून काही राहिलंय?" तो म्हणाला, "नाही. एवढंच." त्या 'एवढंच'वर मी त्याला माफ केलं! पुन्हा त्याच्या शेजारी झोपायला लागले!

बुधल्याचं एक अक्षर नव्हतं त्यात. केसाने गळा कापला माझा. एक लपवलं तर अजून किती असतील?

९ सप्टेंबर

हाकलला. रागारागाने नाही, अगदी शांतपणे. कपडे पिशवीत भरून पायरीवर ठेवले. म्हटलं, "प्यालास ते प्यालास. पण त्या खुर्चीवर बसवून मला खोटं का ऐकवलंस?"

तो अंगठ्यावरच्या चिरेवरून बोट फिरवत होता. मग म्हणाला, "ल्युबा, अजून काय सांगू?"

"लग्नालाही येऊ नकोस."

हे मात्र त्याला लागलं. चेहरा असा झाला की मीच मान फिरवली. वर टेकडीवर धाकट्या भावाकडे गेला, रादिशा भावजींकडे. यागोदा खिडकीत होती. बाहेर आली नाही.

१० सप्टेंबर

सासूबाई – "नवरा सांभाळता येत नाही आणि वर तोरा बघा!" मी कढई अशी आपटली की मांजर पळालं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

इस्पितळातल्या गुरुवारच्या गटाला एकटीच गेले. तिथे बायकांना नवऱ्याबरोबर यावंच लागतं, एकटं आलेलं बघून सगळे वळून बघायला लागले. मी सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "कुठे पाठवलंत त्यांना?"

"भावाकडे."

"भाऊ सध्या काय करतोय?"

सप्टेंबर चाललाय. आलुबुखार पिकलेत. भावजींकडे रात्रंदिवस भट्टी पेटलेली असते, अर्ध्या गावाची फळं तिथेच गाळली जातात. चौदा महिन्यांचा कोरडा माणूस मी भट्टीवर नेऊन बसवला!

हे मला सुचलं कसं नाही? आमच्याकडे घर सुटलेला माणूस भावाकडेच जातो. भाऊ म्हणजे भाऊ. भावाकडे काय शिजतंय ते कोण बघतं?

बसमध्ये दोनदा मनात आलं, जावं आणि घेऊन यावं. मग तो पिवळा ठसा आठवला. राहू दे. एवढा मोठा घोडा आहे, त्याचं त्याला कळतं.

१५ सप्टेंबर

शीतगृहात दिवसभर रासबेऱ्या निवडल्या. बोटं बधिर. बरं वाटलं.

१९ सप्टेंबर

यागोदाच्या झग्याची कंबर आत घ्यायची होती. टाचण्या लावताना म्हणाली, "आई, बाबांना बोलव ना लग्नाला."

"नाव काढू नकोस."

"पण वरात आल्यावर बापाच्या जागी मला घराबाहेर कोण घेऊन जाणार?"

"काका नेतील."

"आई, तो बुधला..." म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं, "बुधला गेला खड्ड्यात!" मग दोघींनाही हसू आलं, कारण तो खड्ड्यातच तर होता. हसता हसता ती रडायला लागली. मला वाटलं, झग्याचं टेन्शन. मी म्हटलं, "अगं, एका बुधल्यासाठी काय रडतेस? त्या माणसाने तुला बर्फात सोडलं होतं, आठवतंय का?"

"आठवतंय," म्हणाली. "सगळं आठवतंय मला."

२३ सप्टेंबर

भावजी अंडी न्यायला आले. उभ्या उभ्याच, नजर चुकवत म्हणाले, "वहिनी, एक सांगू? ऑगस्टात दादा आला होता माझ्याकडे. पाच लिटर जुनी राकिया मागत होता. कुणाला सांगू नको म्हणाला. मी नाही दिली. म्हटलं, मार खाशील माझ्या हातचा."

ऑगस्टात! म्हणजे चौदा महिने कसले! मी दर गुरुवारी त्याचा हात धरून बसत होते, गटातल्या बायकांना वर तोंड करून सांगत होते – माझ्या नवऱ्याने करून दाखवलं! मला स्वतःचीच शिसारी आली. किती वेळा फसायचं एका बाईने? मी काय वर्गात मागच्या बाकावर बसणारी पोर आहे?

हळूच विचारलं, "आता पितोय का?"

"नाही. भट्टीच्या कोठीत पाऊल टाकत नाही. दिवसभर लाकडं फोडतो बाहेर. हिवाळा संपेपर्यंत पुरतील एवढी फोडलीत."

मी म्हटलं, "नाटक."

२९ सप्टेंबर, रविवार

भावजींचा फोन. "वहिनी, परवापासून सुरू झालाय. पहिल्या धारेचीच घेतली, गरम. कुणीतरी गावात म्हणालं, पोरीच्या लग्नात तिला काका नेणार म्हणे, बाप नाही. ते ऐकून आत गेला."

घ्या! झालं! मी म्हणत नव्हते? माझं बरोबर होतं, पहिल्यापासून बरोबर होतं. सासूबाईंनाही सुनावलं. त्या देव्हाऱ्यासमोर जाऊन बसल्या.

बरोबर असून इतकं वाईट का वाटतंय कोण जाणे. दुपारी त्याचा लग्नातला कोट इस्त्री केला. कशाला केला? परत कपाटात टांगला.

३ ऑक्टोबर

कोबीची पानं उकळून झाली, परवासाठी खिम्याच्या दोनशे गुंडाळ्या. यागोदा जेवत नाही. नवरीचं असंच असतं म्हणतात सगळ्या.

५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळ.

वरात अकराला येणार. अंगणात वाजंत्री आलेत. हे घाईत लिहितेय, नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

वेणी घालत होते. यागोदा आरशातून म्हणाली, "आई, ती राकिया मी ओतली."

नऊ वर्षांची होती. मी शीतगृहात, तो गुत्त्यावर. दुपारभर खुरप्याने उकरलं. सगळी अक्रोडाच्या मुळाशी ओतली, विहिरीचं पाणी भरलं. "घरात कुठेच दारू राहिली नाही की बाबा घरी बसतील असं वाटलं होतं मला." वाढदिवसाच्या मेणबत्तीचं मेण बुचावर लावलं होतं तिने. गुलाबी.

गुलाबी! मी बघितलं ते पिवळं होतं.

तो नंतर कधीतरी उकरायला गेला होता. चोरून प्यायलाच गेला असणार, दुसरं काय. पाणी लागलं जिभेला. आणि गुलाबी मेण बघून सगळं कळलं त्याला. लेकीला कुणी बोलू नये म्हणून देवळातलं मेण आणलं, आजोबांसारखा अंगठा दाबला, परत पुरलं. इतकी वर्षं कुणाला बोलला नाही. कागदावर लिहिलं नाही. ऑगस्टात पाच लिटर मागितली ती बुधला गुपचूप भरायला. व्याह्यांसमोर तिचं नाव येऊ नये म्हणून.

मी विचारलं, "मग त्या दिवशीच का नाही बोललीस?"

म्हणाली, "पिवळं मेण बघितलं तेव्हाच कळलं मला सगळं. पण वाटलं, भोगू दे त्याला थोडं. मी बर्फात भोगलं तसं." आणि मग, "बाबा पितील असं नव्हतं वाटलं, आई."

दोघांनाही ठाऊक होतं. मला एकटीलाच नव्हतं. रागवायचं कुणावर, तेही कळेना.

यागोदा म्हणते, बाबांशिवाय उंबरा ओलांडणार नाही. भावजींना फोन केला – त्याला अंघोळ घाला, मी कोट घेऊन येतेय. म्हणाले, "वहिनी, दादा उभा राहायच्या अवस्थेत नाही."

धरीन मी.