बापूंना सांगितलेला साखरपुडा

नारायणगाव, शुक्रवार

प्रिय चेतना,

फोन केला असता तर माझा आवाज ऐकून तू आधी माझी समजूत घालत बसली असतीस आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. म्हणून लिहिते आहे. पीयूष रविवारी पुण्याला तुझ्याकडे येतोय, हे पाकीट त्याच्याजवळ देईन. तुझ्या या भावाने पाकिटात काय म्हणून विचारलंच तर नोट्स आहेत म्हण.

शेवटच्या वर्षी कॉलेजने आपल्याला भोसरीच्या एका छोट्या कंपनीत नेलं होतं, आठवतं? इंटरनेटच्या जाळ्यात लागणारे स्विच आणि राउटर तिथे बनत होते. लांब टेबलाशी आपल्याच वयाच्या मुली सर्किटवर सोल्डरचे डाग देत बसल्या होत्या. एकीने तयार राउटरचा डबा माझ्या हातात दिला. अजून गरम होता. परत येताना तू गाडीत झोपलीस आणि मी मंचरपर्यंत त्या डब्याबद्दलच बोलत होते.

पुढे त्या कंपनीचे शेअर बाजारात आले. त्याच सुमारास बायपासमध्ये गेलेल्या आमच्या रानाची भरपाई मिळाली. बापू त्यातून मीना नदीच्या कडेला दुसरं रान घेणार होते. मीच म्हटलं, वर्षभर या शेअरमध्ये ठेवू. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. कंपनीचा प्रत्येक कागद मी वाचायचा आणि बापूंनी ऐकायचा. एका मोठ्या फोन कंपनीकडून इरादापत्र आलं तेव्हा बापूंनी विचारलं, म्हंजे काय? ऑर्डर देण्याचा विचार आहे, एवढंच त्यात होतं. मला ते फार कोरडं वाटलं. मी म्हणाले, बापू, साखरपुडा झालाय, लग्न बाकी आहे.

आमच्या घरात साखरपुडा मोडत नाही गं. रत्नाआत्याच्या साखरपुड्यानंतर तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा पाय गेला, तरी आजोबांनी तिला तिथेच दिली. बापूंच्या कानावर तो शब्द पडला आणि त्यांनी अडीनडीला ठेवलेलंही त्यात घातलं. दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. मी गप्प बसले, कारण मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

त्याला सव्वा वर्ष झालं. दर तीन महिन्यांनी कागद येतो, बोलणी अंतिम टप्प्यात आहेत. काल आला त्यात फोन कंपनीने मालाची चाचणीच पुढच्या वर्षावर ढकलली आहे. आज मी बापूंना न सांगता आमचे सगळे शेअर विकायला लावले. दिवसभर घेणारा एकही नाही. बापू जेवताना म्हणाले, "तारीख धरली का गं त्यांनी? नाय धरली तर नाय. शब्द दिलाय ना, मग झालं." मी मान हलवली.

दुपारी तुमच्या दुकानावरून येताना काकांनी, तुझ्या वडिलांनी, हाक मारली. बापूंनी त्यांना साखरपुड्याचं सांगितलंय. काका हसत म्हणाले, "वऱ्हाडात आमाला पण घ्या की. सोमवारी सकाळी ये, माझ्या मोबाईलवर तेवढं करून दे." नव्या दुकानासाठी साठवलेलं ते यात घालणार आहेत.

मी म्हणाले, येते काका.

सोमवारी बाजारात घेणारे काका असतील आणि विकणारे बापू, चेतना. दोन्हीकडे बोट माझंच. हे कळलं तेव्हा मला भीती वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं. घरी येईपर्यंत मी बापूंचे किती पैसे सुटतील याचा हिशेब करत होते, आणि तुझा चेहरा एकदाही आठवला नाही.

बापूंना उद्या सांगेन असं मी आज दोनदा ठरवलंय, दोनदा मोडलंय. म्हणून तू कर. रविवारी रात्री काकांना फोन लाव आणि सांग, अक्षदाच्या हातात मोबाईल देऊ नका. का म्हणून विचारलं तर हे पत्र वाचून दाखव. मी सोमवारी दुकानात जाणार नाही, असं मला लिहिता येत नाहीये.

अजून तुझीच म्हणवून घेणारी,
अक्षदा