परड्यातली पाथरी

१७ नोव्हेंबर १९७५
उंब्रजपासून चार मैलांवरच्या या गावी आज शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले. शहरातल्या विश्रामबागेत वाढलेली मी. चहूकडे एवढा ऊस बघून हरखलेच. राहायला साळूबाईंच्या घरी खोली मिळाली. त्या विधवा, पन्नाशीच्या, एकट्याच. सासू दोन वर्षांपूर्वी काशीला गेली ती परतलीच नाही म्हणे. घर लख्ख सारवलेलं, माणूस अगत्याचं. झोप छान लागेल.

१९ नोव्हेंबर
साळूबाईंनी बांधावर नेऊन पाथरी ओळखायला शिकवली. जमिनीला चिकटून पसरलेली पानं, कडा करवतीसारख्या, देठ मोडला की पांढरा चीक. "चुलीवर न्हाई चढवायची, क्षमाबाई. धुवायची आन् कच्चीच खायाची," असं त्यांनी बजावलं. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ही कडसर पानं. दोन भाकऱ्या कधी संपल्या कळलं नाही. आईला कळवायला हवं.

२४ नोव्हेंबर
आजची पाथरी घरामागच्या परड्यातली. पानं तळहाताएवढी, मांसल. कडू अजिबात नाही. गोडसर, जरा तुपकट. चीक पिवळा, साबणानंही बोटांवरचा जाईना. चव आवडली नाही. तरी जुडी संपवली.

२७ नोव्हेंबर
जेवताना दातात काही अडकलं. ओढलं तर केस. पांढरा, वीतभर, दुसरं टोक घशात. ओढत ओढत बाहेर काढला. साळूबाईंचे केस काळेभोर आहेत. त्या म्हणाल्या, बारीक मूळ असेल.

२९ नोव्हेंबर
वर्गातच भडाभडा ओकले. हिरवा चोथा, त्यात पांढऱ्या केसांचा गुंता. शाळेशेजारच्या मनुबाईंनी पाणी दिलं आणि हळूच सांगितलं, साळूबाईंच्या म्हातारीला एस्टीत बसताना गावात कुणीच पाहिलं नाही. परड्यात पाथरी माजली ती त्यानंतरच.

१ डिसेंबर
पाथरीला हात लावला नाही. नुसता भात घेतला. गिळवेना. भाताचीच किळस येते. ज्याची यायला हवी त्याची—

३ डिसेंबर
साळूबाई बाजाराला गेल्या. भर दुपारी खुरपं घेऊन परड्यात गेले. एक गड्डा उपटला. मुळं जबड्यातून उगवलेली. तीन दात, मिश्रीनं काळे. किंचाळायला तोंड उघडायला गेले तर उघडेना— तोंड पानांनी भरलेलं. मीच कोंबली होती.

४ डिसेंबर
साळूबाईंना कळलं. चिडल्या नाहीत. शेजारी बसून शांतपणे म्हणाल्या, "लय छळलं तिनं मला. ही खाल्ली तवा कुठं पोटात गार वाटलं. पर एकटीला संपत न्हाई, बाई."
उद्या तीनची एस्टी. सामान इथंच टाकून—

५ डिसेंबर
एस्टी गेली. हॉर्न ऐकला. मी परड्यात होते, गुडघ्यांवर. हात लावला नाही, तोंडानंच— शी! पान तुटलं, जीभ मातीला लागली. आणि खालून, ओली, खरखरीत, दुसरी—