ट्रक-तळावरचा शून्य

१२ जानेवारी, सोमवार
नॉर्वेच्या बंदराचा आपत्ती आराखडा परत आला, दुसरी आवृत्ती. वाऱ्याच्या विजेवर अमोनिया करायचा आणि त्यावर जहाजं चालवायची, असं तिथे ठरलंय. टाकी धक्क्यालगत. काम चांगलं आहे, मनापासून वाटतं. इथे भोपाळच्या एम. पी. नगरात बसून आम्ही एवढंच लिहायचं: गळती झाली तर कोण कुठे असेल, त्याला कसं कळवायचं.
पान ४१. टाकीला सर्वांत जवळची जागा म्हणजे फेरीबोटीसाठी थांबणाऱ्या ट्रकचा तळ. माणसं: ०. खाली ‘तपासले’च्या चौकटीत सही. माझीच, मागच्या वर्षीची.

१३ जाने.
जेवणाच्या सुट्टीत बंदराचा कॅमेरा उघडला. सगळ्यांना खुला आहे, फेरी सुटली का बघायला. आपला दीड म्हणजे तिथले सकाळचे नऊ, नुकतं उजाडलेलं. वादळामुळे फेरी बंद, तळ गच्च. काचांवर बर्फ, आतून पडदे. एका केबिनचं दार उघडलं. माणूस सपाता घालून खाली उतरला, थर्मासमधलं उरलेलं ओतलं, परत आत.
म्हणजे झोपतात तिथे.
डबा तसाच घरी आणला.

१४ जाने.
ऑफिसात तिळगूळ नेला. गोड बोलणं जमलं नाही.
शून्य आला कुठून ते सापडलं. तळ मी उपग्रहाच्या फोटोवरून मोजला होता. फोटोची तारीख आज पाहिली: जूनमधला रविवार. तळ रिकामा. तिथल्या लोकसंख्येच्या नोंदणीतही तळावर रहिवासी कोणी नाही. दोन्हीकडून शून्य जुळला म्हणून खूश झाले होते, आठवतंय.
आमचे साहेब, सक्सेना सर, त्यांना सांगितलं.
“मॅडम, पार्किंग है। पार्किंग में कोई रहता है क्या?”
“रहता नहीं सर, सोता है।”
“तो ऐप पर अलर्ट आ जाएगा।”
बंदराचं इशाऱ्याचं ॲप तिथल्या भाषेत. ड्रायव्हर पोलंडचे, रोमानियाचे.
“आप भोपालवाले हर चीज़ में गैस सूँघते हो।” (सर लखनौचे.)
“इसी काम पर तो रखा है सर आपने।”
हसले. मी नाही.

१६ जाने.
सरांचं ते वाक्य जात नाहीये. खरंच तसं असेल तर? माझं शहर दुसरं असतं तर मी पान उलटलं असतं?
संध्याकाळी अशोका गार्डनला, आईकडे. मटार सोलत होती. विचारलं, “चौऱ्याऐंशीच्या त्या रात्री तुला कळलं कसं गं?” मी तेव्हा चार वर्षांची.
“कळलं कुठे? दार वाजलं. कोणीतरी ओरडला, भागो. तुला उचललं नि निघालो.”
“कोण होता?”
“कोणी पाहिलाय? आम्ही दार उघडेपर्यंत तो पुढच्या दाराशी.” मग, “मटार खाऊ नकोस, सोल.”
ॲपचं सांगितलं. म्हणाली, “तुझ्या साहेबाला म्हणावं, झोपलेल्या माणसाला फोनने उठवून दाखव. तुला शाळेसाठी उठवताना माझा घसा बसायचा.”

१९ जाने., सोमवार
पान ४१ नव्याने लिहिलं. शून्य खोडून ‘मोजलेले नाही’. खाली टीप: आधीचा आकडा चुकीचा, रिकाम्या दिवसाच्या फोटोवरून मी काढला होता. आणि उपाय: प्रत्येक केबिनचं दार वाजवणारा माणूस, श्वसनयंत्रासह, नावानिशी नेमलेला.
सरांना पाठवलं. तिकडच्या सुरक्षा अधिकारी इंग्रिडबाईंनाही.
सर उभ्या उभ्याच: “अपनी ग़लती लिखकर क्लाइंट को कौन भेजता है?”
“जिसने की हो, वो।”
‘तपासले’ची चौकट कोरी ठेवली.

२१ जाने.
सरांनी बजावलं: शुक्रवारी चारपर्यंत आराखडा जायचा, शून्यासकट. मी सही केली नाही तर दुसऱ्या कोणाची घेणार. “फिर आप पुरानी फ़ाइलें देखिएगा, आराम से।”
इंग्रिडबाईंचं उत्तर नाही.
हा हट्ट आहे का? स्वतःची चूक मोठ्याने कबूल करण्यातही एक तोरा असतो, तो तर नाही ना? असेल थोडा. पण मागच्या वर्षी फोटोची तारीख न बघता सही केली तेव्हा सगळे म्हणाले होते, किती समजूतदार. तसलं समजूतदार पुन्हा व्हायचं नाही. बसवू देत जुन्या फायलींवर.

२३ जाने., शुक्रवार
सकाळी इंग्रिडबाईंच्या दोन ओळी. तळावर किती माणसं, त्यांनाही माहीत नाही. आज बघते, म्हणाल्या.
सर तीनदा टेबलाशी येऊन गेले.
दीडला कॅमेरा. बर्फ पडतोय. पहिल्या रांगेशी नारिंगी जॅकेट, हातात कागद. दार वाजवलं. थांबलं. एक डोकं बाहेर आलं. लिहिलं. पुढचं दार. त्या स्वतः आहेत की बंदराचा कोणी पहारेकरी, इतक्या लांबून कळत नाही.
“क्या देख रही हैं?” सर मागे.
“गिनती, सर।”
गेले नाहीत. उभेच.
एका केबिनचं दार बराच वेळ उघडेना. जॅकेट हललं नाही. पुन्हा वाजवलं. पुन्हा. मग उघडलं.
“सो रहा होगा,” सर म्हणाले.

आता दोन वाजतायत. चौकट कोरीच आहे. तिकडे तिसरी रांग बाकी.